मोहिनी, गुप्तहेर आणि गुरुजी

आमच्या करडीत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा इतक्या हातांतून फिरून यायच्या, की शेवटचं पान बहुधा गळालेलं असायचं. खुनी कोण, हे आम्ही पोरं आपसातच ठरवायचो. संशय बाईवर क्वचितच जाई. असं का, याचा उलगडा पुष्कळ वर्षांनी डॅशियल हॅमेट वाचताना झाला.

हॅमेट हा पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केलेला माणूस. त्याची ‘द माल्टीज फाल्कन’ १९२९ साली ‘ब्लॅक मास्क’ मासिकातून क्रमशः येऊ लागली, १९३० मध्ये पुस्तक झालं. सॅम स्पेडच्या कचेरीत ब्रिजिड ओशॉनेसी खोटं नाव आणि बहिणीची खोटी हकिगत घेऊन येते. त्याच रात्री स्पेडचा भागीदार आर्चर मारला जातो. मारणारी हीच. स्पेड तिच्यात गुंततो, तरी अखेर तिला पोलिसांच्या हवाली करतो.

अशा स्त्रीला फ्रेंच शब्द आहे ‘फाम फताल’, म्हणजे पुरुषाचा घात करणारी मोहक बाई. आपल्याकडे मोहिनी आणि विषकन्या आहेतच. पण मोहिनी देवांच्या कामगिरीवर असते, ‘मुद्राराक्षसा’तली विषकन्या अमात्य राक्षसाच्या. ब्रिजिड कुणाच्याही कामगिरीवर नाही; तिला घबाड स्वतःसाठी हवं आहे.

आणखी एक गोष्ट वाचक सहसा विसरतात. त्याच आर्चरच्या बायकोशी स्पेडचे संबंध होते! बाई तुरुंगात गेली, की पुरुषाच्या हिशेबाची वही मिटते, ही या कथाप्रकाराची खरी चलाखी. हॅमेटला ती ठाऊक असावी. त्याच्या शेवटच्या पानावर आर्चरची विधवा दाराशी येते आणि स्पेडच्या अंगावर शहारा येतो. नंतरच्या अनेकांनी हा शहारा गाळला.

अर्नाळकरांच्या झुंजारला मात्र घर आहे. विजया ही त्याची पत्नी साहसातही त्याच्याबरोबर असते. तिथे मोहिनीने शिरायचं कुठून?

माझ्या मते, ही बाई मराठीत खऱ्या अर्थाने आली ती तमाशाच्या फडातून, व्ही. शांतारामांच्या ‘पिंजरा’त (१९७२). त्याचं मूळ ‘द ब्लू एंजल’ हा १९३० चा जर्मन चित्रपट. त्यात गायिकेपायी प्राध्यापक धुळीला मिळतो, पण खून पडत नाही. गुन्ह्याची गोष्ट झाली ती मराठीत आल्यावर. चंद्रकला गुरुजींना फडावर उभं करण्याची प्रतिज्ञा करते, गुरुजी घसरतात. दुसऱ्याच कुणाच्या विद्रूप प्रेताला त्यांचे कपडे चढवले जातात आणि गाव समजतं, गुरुजींचा खून झाला. पुढे तुणतुणं हाती आलेल्या या माणसाला पकडतात, ते गुरुजींच्याच खुनाबद्दल.

इथे स्पेडचा डाव उलटतो. जाळं बाईने टाकलं, आरोपी पुरुष, आणि शिक्षाही तोच मागून घेतो. पूर्वी मला यात मोठेपणा दिसे, आता तितकासा दिसत नाही. गावाच्या मनातला आदर्श जपण्यासाठी गुरुजी खरं बोलत नाहीत. एवढ्यात चंद्रकलेचा त्यांच्यावर खराखुरा जीव जडलेला असतो. फाशी पत्करताना गुरुजी तिला मात्र विचारत नाहीत.