घरभाड्यावरील कर आणि सनदी लेखापाल

भारतीय आयकर कायद्यात घरभाडे ‘घरमालमत्तेपासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली येते आणि त्याची आकारणी इतकी ठरीव आहे की एकच सदनिका भाड्याने देणाऱ्या पगारदार मालकाला सनदी लेखापालाची, म्हणजे सीएची, गरज सहसा भासू नये. वार्षिक भाडे 1,80,000 रुपये असेल आणि मालकाने स्वतः 10,000 रुपये महापालिकेचा मालमत्ता कर भरला असेल, तर उरलेल्या 1,70,000 रुपयांतून 30 टक्के प्रमाणित वजावट, म्हणजे प्रत्यक्ष खर्चाचा पुरावा न मागता मिळणारी सूट, वजा होऊन 1,19,000 रुपये करपात्र ठरतात. डागडुजीचा खर्च याच वजावटीत गृहीत धरलेला असल्याने त्याच्या पावत्या सीएकडे नेऊनही वेगळी सूट मिळत नाही, हे अनेक मालकांना पटत नाही.

गृहकर्जाचे व्याज मात्र प्रकरण गुंतागुंतीचे करते, कारण व्याज वजा केल्यावर येणारा तोटा जुन्या करप्रणालीत वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंत पगारातून वळता करता येतो, तर नव्या प्रणालीत तो पगारातून मुळीच वळता होत नाही. अशा वेळी, तसेच मालमत्ता सामाईक असल्यास किंवा मालक अनिवासी असल्यास, सीएचे शुल्क देणे शहाणपणाचे ठरते.