फीत कोणाची, बाही कोणाची?

दरवर्षी १ नोव्हेंबरला बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात कारखान्यांच्या फाटकांवर लाल-पिवळा ध्वज लागतो. १९५६ मध्ये याच दिवशी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि कन्नड भाषकांचे विखुरलेले प्रदेश एका राज्यात आले. बेळगावात हीच तारीख महाराष्ट्र एकीकरण समिती ‘काळा दिन’ म्हणून पाळते. दंडाला काळ्या फिती बांधून निषेध फेरी निघते, कारण त्याच निर्णयाने बेळगाव, खानापूर, निपाणी हा मराठी भाग त्या राज्याकडे गेला. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळीमार्गे येणारा महामार्ग तुमकुरू रस्ता या नावाने बेंगळुरूत शिरतो, तो पीण्याला लागूनच. त्या रस्त्याने पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी कामगाराच्या वाट्याला एकाच तारखेची दोन स्मरणे येतात.

या स्मरणांना सरकारी आशीर्वादही आहेत. २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्र्यांनी सीमाभागाशी एकजूट दाखवण्यासाठी १ नोव्हेंबरला काळ्या फिती लावून काम केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्नाटकचे उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी बेंगळुरूतील शिक्षणसंस्था, कारखाने आणि व्यावसायिक आस्थापनांना राज्योत्सवाच्या दिवशी कन्नड ध्वज लावणे सक्तीचे असल्याचे जाहीर केले. फाटकावरचा ध्वज ही आस्थापनेची बाब मानता येईल. प्रश्न अवघड होतो तो चिन्ह फाटकावरून माणसाच्या अंगावर येते तेव्हा.

कारखान्यांचे क्रिकेट संघ ही औद्योगिक वसाहतींतील परिचित गोष्ट आहे. समजा, राज्योत्सवानिमित्त होणाऱ्या सामन्यात व्यवस्थापनाने सर्व खेळाडूंच्या बाहीवर लाल-पिवळी फीत लावण्याचे ठरवले, तर खानापूरहून आलेल्या गोलंदाजाने काय करावे? उलट बाजूही तितकीच खरी. १७ जानेवारी हा बेळगावातील १९५६ च्या गोळीबाराचा हुतात्मा दिन. त्या दिवशी मराठी मंडळाच्या संघाने काळी फीत बांधायचे ठरवले, तर त्याच संघातील कन्नड यष्टिरक्षकाने काय करावे? क्रीडासंघांनी गणवेशावर स्मरणचिन्हे वागवावीत का, हा जगभर चाललेला वाद पीण्यातील या दोन खेळाडूंच्या नजरेने पाहिला, तर त्याची उकल अधिक नेमकी होते.

पॉपीचा धडा

या वादाचे सर्वांत जुने आणि सर्वांत तपशीलवार उदाहरण ब्रिटनमधील पॉपीचे आहे. पहिल्या महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ नोव्हेंबरमध्ये कोटावर लावले जाणारे हे कागदी लाल फूल अलीकडच्या काळात फुटबॉलपटूंच्या शर्टावर भरतकामातून आले. मराठी वाचकांना ते अगदीच परके मानण्याचे कारण नाही. त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आज बेळगावातच आहे. भारतीय सैनिकांच्या त्या योगदानाची आठवण म्हणून २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये खादीची पॉपीही काढण्यात आली.

आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघ अर्थात ‘फिफा’ने मात्र राजकीय चिन्हांवरील बंदीचा आधार घेऊन पॉपीला विरोध केला. २०११ मध्ये काळ्या दंडफितीवर पॉपी लावण्याची तडजोड झाली. ११ नोव्हेंबर २०१६ रोजी इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन्ही संघांनी पॉपीच्या दंडफिती बांधल्या आणि दोघांनाही दंड झाला. पुढे २०१७ मध्ये नियम सैल झाला: प्रतिस्पर्धी संघ आणि स्पर्धेचे संयोजक यांची आधी संमती असेल, तर अशा चिन्हास वाव मिळू लागला. प्रतिस्पर्ध्याला विचारण्याची ही तरतूद महत्त्वाची आहे. मात्र स्वतःच्या संघातील खेळाडूला विचारावे की नाही, याविषयी ती मौन बाळगते.

त्या मौनाची किंमत जेम्स मॅक्लीन या खेळाडूने मोजली. तो उत्तर आयर्लंडमधील डेरीचा. ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी त्याच शहरात निःशस्त्र नागरिकांवर गोळीबार करून १३ जणांना ठार केले होते. इंग्लिश क्लबांकडून खेळताना २०१२ पासून त्याने पॉपी असलेला शर्ट घालण्यास नकार दिला. दोन महायुद्धांतील मृतांपुरतेच हे फूल असते, तर आपण ते आनंदाने लावले असते, असे त्याने २०१४ मध्ये आपल्या क्लबच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले. क्लबांनी त्याला पॉपीविना खेळू दिले, परंतु प्रेक्षकांनी त्याची वर्षानुवर्षे हुर्यो उडवली. मृतांचा अनादर त्याने कधीच केला नव्हता. त्याचे स्वतःचे मृत वेगळे होते, इतकेच.

रांची ते दुबई

आपल्याकडील अनुभवही हेच सांगतो. पुलवामा हल्ल्यानंतर ८ मार्च २०१९ रोजी रांचीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारतीय संघ लष्करी धाटणीच्या टोप्या घालून उतरला. खेळाडूंनी सामन्याचे मानधन राष्ट्रीय संरक्षण निधीला दिले. पाकिस्तानने आक्षेप घेतला, पण निधिसंकलन आणि शहीद जवानांचे स्मरण यांसाठी पूर्वपरवानगी घेतली असल्याचे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने, म्हणजे ‘आयसीसी’ने सांगितले. तीन महिन्यांनी विश्वचषकात महेंद्रसिंह धोनी याच्या यष्टिरक्षणाच्या हातमोज्यांवर पॅरा कमांडोंचे ‘बलिदान’ चिन्ह दिसले. ते काढायला लावण्यात आले. वैयक्तिक संदेश वा चिन्ह नियमांत बसत नाही, असे कारण देण्यात आले. भावना दोन्ही वेळी एकच होती. फरक परवानगीच्या कागदाचा होता.

आणखी एक तुलना बोलकी आहे. मुंबईवरील २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद १०३ धावा करून सचिन तेंडुलकर याने ते शतक मुंबईकरांना अर्पण केले, तेव्हा सारे क्रिकेटविश्व हेलावले. पहलगाम हल्ल्यानंतर १४ सप्टेंबर २०२५ रोजी दुबईत सूर्यकुमार यादव याने पाकिस्तानवरील विजय सैन्यदलांना अर्पण केला आणि पीडित कुटुंबांच्या पाठीशी उभे असल्याचे सांगितले, तेव्हा त्याला मानधनाच्या ३० टक्के दंड झाला. दोघेही मुंबईकर आणि दोघांनीही केवळ शब्दच वापरले. बदलला होता तो समोरचा संघ आणि दुःखाबरोबर उच्चारले गेलेले सैन्याचे नाव. म्हणजेच एखादे स्मरण राजकीय आहे की नाही, हे त्या स्मरणातच लिहिलेले नसते. ते कोणासमोर आणि कोणाच्या नावाने केले जाते, त्यावर ठरते. म्हणून ‘राजकीय चिन्हांना बंदी’ हा नियम कागदावर नीटनेटका दिसला तरी प्रत्येक वेळी तो नव्या वादाला जन्म देतो.

याच हल्ल्यानंतरचे दुसरे दृश्य मात्र वादाविना पार पडले. पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ रोजी मारल्या गेलेल्या २६ जणांत महाराष्ट्राचे आणि कर्नाटकचेही पर्यटक होते. दुसऱ्याच दिवशी हैदराबादेतील आयपीएल सामन्यात दोन्ही संघांनी आणि पंचांनीही काळ्या फिती बांधल्या, मिनिटभर शांतता पाळली. आतषबाजी झाली नाही. फीत सर्वांच्या दंडाला होती, तिच्यावर कोणत्याही पलटणीचे वा प्रांताचे चिन्ह नव्हते आणि सामना संपताच ती उतरली.

संसद आणि सर्वोच्च न्यायालय

गणवेशावरील चिन्हांचा विचार संसदेने केलाच नाही, असे नाही. क्रिकेटपटूंच्या हेल्मेटवरील तिरंग्यावरून वाद झाल्यानंतर २००५ मध्ये राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ यात दुरुस्ती झाली. पूर्वी ध्वजसंहितेत पोशाखावर राष्ट्रध्वज वापरण्यास सरसकट मनाई होती. दुरुस्तीने कमरेखालील पोशाख, रुमाल, उशा, अंतर्वस्त्रे यांवरची मनाई कायदेशीर केली आणि खेळाडूंच्या छातीवरील व हेल्मेटवरील तिरंग्याचा मार्ग मोकळा झाला. चिन्ह शरीराच्या कोणत्या भागावर असावे, याचे उत्तर मिळाले. ते लावण्याचा निर्णय कोणाचा, हा प्रश्न तेव्हा पुढे आला नाही.

त्याचे उत्तर न्यायालयाच्या एका जुन्या निकालात सापडते. केरळमधील तीन शाळकरी भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढले गेले. १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. आदराने उभे राहणे पुरेसे आहे, गाण्याची सक्ती करता येत नाही, हे त्या निकालाचे सार. क्रिकेट मंडळ राज्यघटनेच्या अर्थाने ‘राज्य’ नाही, असे २००५ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ठरले असल्याने हा निकाल मंडळाला थेट लागू होईलच असे नाही. तत्त्व मात्र तेच असायला हवे. जे शाळेला राष्ट्रगीताबाबत करता येत नाही, ते व्यवस्थापनाला फितीबाबत करता यावे, हे पटणारे नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की मैदान शुद्ध ठेवावे, कोणतेच चिन्ह नको. परंतु शर्ट शुद्ध राहिलेलाच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने बंदी घातली, तेव्हा ‘ड्रीम ११’ला भारतीय संघाचे प्रायोजकत्व सोडावे लागले आणि आशिया चषकात संघ छातीवर प्रायोजकाचे नाव न घेता खेळला. जी छाती कोट्यवधी रुपयांना भाड्याने दिली जाते, तिथे मृतांना जागा नाही, असे म्हणणे अवघड आहे. दुसरा आक्षेप असा की नकाराची मुभा दिली तर संघभावना राहणार नाही. वास्तविक सक्तीने बांधलेली फीत कोणाच्याच दुःखाची साक्ष देत नाही. ज्याने ती मनापासून बांधली आहे, त्याच्याही फितीचे मोल ती कमी करते.

अकरा जणांचे ऋण

बेंगळुरूला या विषयाचा आणखी एक, अधिक जवळचा संदर्भ आहे. ३ जून २०२५ रोजी रॉयल चॅलेंजर्स बेंगळुरूने अठराव्या हंगामात प्रथमच आयपीएल जिंकली. दुसऱ्या दिवशी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवासाठी जमलेल्या गर्दीत चेंगरून ११ जणांचा मृत्यू झाला. पीण्याहून मेट्रोच्या ग्रीन लाइनने मॅजेस्टिक, तेथे गाडी बदलून कब्बन पार्क, असा सामन्याला जाण्याचा मार्ग येथील कामगारांच्या पायाखालचा आहे. कोणत्याही कारखान्यातून सुट्टी टाकून गेलेला मुलगा त्या गर्दीत असू शकला असता.

संघाच्या शर्टावर स्मरणचिन्ह असावे असा सर्वांत बळकट दावा कोणाचा असेल, तर तो या अकरांचा. येथे शत्रू नाही, सीमा नाही, भाषा नाही. संघावर प्रेम करणारी माणसे संघाच्याच उत्सवात गेली. फ्रँचायझीने ऑगस्ट २०२५ मध्ये प्रत्येक कुटुंबाला २५ लाख रुपये देण्याचे जाहीर केले. परंतु येथेच दुसरी कसोटी लागते. अकरांचे चिन्ह छातीवर घ्यायचे असेल, तर आधी त्यांच्या कुटुंबांना विचारले पाहिजे. ते चिन्ह असलेले शर्ट बाजारात विकायचे असतील, तर पैसा कोठे गेला याचा हिशेब दिला पाहिजे. आणि दुर्घटनेची जबाबदारी निश्चित होण्याचे काम त्या चिन्हामागे झाकले जाता कामा नये.

निकष चार

यातून चार साधे निकष निघतात. स्मरणचिन्ह लावण्याचा निर्णय खेळाडूंनी घ्यावा, मंत्र्यांनी वा व्यवस्थापनाने नव्हे. ज्याला ते लावायचे नाही, त्याच्याकडे कारण मागू नये. चिन्हाला मुदत असावी. एका सामन्याची फीत हे स्मरण असते, हंगामभराची फीत हळूहळू ओळखपत्र बनते. आणि ज्यांच्या नावाने चिन्ह लावले जाते, त्यांचे काही देणे असेल, तर ते आधी चुकते व्हावे.

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने मान्यताप्राप्त क्रीडा संघटनांत खेळाडूंची समिती आवश्यक केली आहे. हे निकष लेखी नियमांत उतरवण्यास तीच योग्य जागा आहे. प्रत्येक हल्ल्यानंतर घाईने परवानगी मागण्यापेक्षा किंवा दंड झाल्यावर संतापण्यापेक्षा ते अधिक प्रतिष्ठेचे ठरेल.

पीण्यातील संघांना दिल्लीच्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. सीमाप्रश्नावरील महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; त्याचा निकाल लागेपर्यंत आणि लागल्यानंतरही १ नोव्हेंबर दरवर्षी येणार आहे. त्या दिवशी कन्नड सहकाऱ्याच्या बाहीवर लाल-पिवळी फीत असावी, खानापूरच्या गोलंदाजाची बाही त्याला हवी असल्यास कोरी असावी, आणि कर्णधाराने दोघांनाही न विचारता खेळवावे. महाराष्ट्रात १ मे रोजी होणाऱ्या सामन्यात सोलापूरच्या किंवा जतच्या कन्नड खेळाडूला हीच सवलत देण्याची तयारी आपली आहे का, हे मराठी मंडळांनी आधी ठरवावे.