हृदयाचा धडा चुलीपाशी

बुलढाणा जिल्ह्यात माणसाची ओळख पटकन होते ती एका प्रश्नाने: घाटावरचे की घाटाखालचे? चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. हृदयरोग कसा टाळायचा हे सांगायला गावात जाणाऱ्यानेही आधी हेच विचारावं. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे आणि तिथलं मीठ फक्त स्वयंपाकघरातल्या बरणीत नसतं, विहिरीत आणि बोअरमध्येही असतं.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्याची बातमी होते ती बहुधा मूत्रपिंडाच्या आजारांमुळे. हृदयाची बाजू मागे राहते. खरं तर दोन्ही दुखणी एकमेकांना धरून चालतात. शरीरात सोडियम जास्त झालं की पाणी साठून राहतं आणि रक्तदाब चढतो. चढलेला दाब वर्षानुवर्षं तसाच राहिला की हृदयाचा स्नायू जाड होतो, रक्तवाहिन्या ताठरतात, मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्या निकामी होऊ लागतात. मूत्रपिंड थकलं की दाब आणखी वाढतो. यातलं काहीही दुखत नाही, म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे सपाट चमचाभरही नाही, आणि त्यात लोणचं, पापड, ठेचा, फरसाण, बिस्किटं सगळं आलं. जिथे पाणीच खारं, तिथे हा हिशेब आणखी तंग होतो. म्हणून घाटाखालच्या गावात ‘मीठ कमी खा’ एवढं सांगून भागत नाही. घरात प्यायचं पाणी कुठलं येतं, वान धरणावरच्या योजनेच्या नळाचं की बोअरचं, हे विचारावं लागतं. ताटात वरून मीठ वाढून घ्यायची सवय कुणाला आहे, वर्षाच्या पापड-कुरडयांत मीठ आणि पापडखार किती पडतो, हेही विचारावं लागतं. पापडखारातही सोडियमच असतं, हे किती घरांत माहीत आहे?

बाहेरचा तोडगा जसाच्या तसा उचलला तर काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. चीनमधल्या 600 खेड्यांत सुमारे 21 हजार लोकांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. अर्ध्या गावांतल्या लोकांना साध्या मिठाऐवजी पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं होतं. तिथे पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी घटलं. असं ‘लो सोडियम’ मीठ आता आपल्याकडच्या दुकानांतही मिळतं. पण ज्याचं मूत्रपिंड आधीच अधू आहे, त्याच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चीनच्या त्या प्रयोगातही मूत्रपिंडाच्या गंभीर रुग्णांना घेतलं नव्हतं. तेव्हा संग्रामपूर-जळगाव जामोदच्या भागात हे मीठ घरोघर वाटायचा विचार कुणाच्या मनात आला, तर आधी रक्ततपासणी, मग मीठ. चुकीचा सल्ला इथे जिवावर बेतू शकतो.

व्यायामाचा विषय निघाला की गावात ठरलेलं उत्तर मिळतं: “आमी त वावरात राबतो, आमाले कायचा हार्टअटॅक!” यात तथ्य आहे, पण अर्धंच. कोरडवाहू शेतीत अंगमेहनत हंगामापुरती. सोयाबीनची मळणी यंत्राने होते, वावरात जायला मोटारसायकल आहे आणि तूर-कपाशी निघाली की पावसाळ्यापर्यंत बऱ्याच पुरुषांचे दिवस पारावर आणि चहाच्या टपरीवर जातात. बायकांची कामं मात्र बाराही महिने संपत नाहीत. शेगावहून पंढरपूरपर्यंत पालखीसोबत पायी जाणाऱ्या या मुलखाला चालायला शिकवायची गरज नाही. रोज अर्धा तास, उन्हाळ्यातही, एवढंच जोडायचं आहे.

2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या 52 देशांतल्या अभ्यासात नऊ गोष्टी सापडल्या, ज्यांवरून पहिल्या हार्टअटॅकचा बहुतांश धोका ओळखता येतो. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर यांच्या पंगतीला मनावरचा ताणही होता. कर्जाच्या ओझ्याखालच्या जिल्ह्यात त्यावर ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणं मला क्रूर वाटतं. पिकाला भाव मिळवून देणं आरोग्य कर्मचाऱ्याच्या हातात नाही. तंबाखूवर मात्र थेट बोलता येतं. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे 27 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि त्यातले बहुतेक चघळणारे. ‘मी बिडी ओढत नाही, नुसती पुडी खातो’ हे समाधान खोटं आहे. चघळलेला तंबाखूही हृदयाला घातकच.

मराठी वाचकाला हृदयरोगातून सावरायची दिशा दाखवली ती डॉ. अभय बंग यांनी. 1995 मध्ये ऐन चाळिशीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि 2000 मध्ये ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक आलं. आहार, चालणं, ध्यान यांनी आयुष्य बदलता येतं, हे त्यातून अनेक घरांपर्यंत पोचलं. ज्या घरात पुस्तक पोचत नाही, तिथे माणसानेच जायला हवं.

फिनलंडमधल्या उत्तर कारेलियाने ते केलं. 1972 मध्ये हृदयरोगाने तिथले कर्ते पुरुष ऐन उमेदीत जात होते. तरुण डॉक्टर पेक्का पुस्का दवाखान्यात बसून राहिला नाही. त्याने गावोगावच्या गृहिणींच्या ‘मार्था’ संघटनेला हाताशी धरलं. बायका एकत्र जमून कमी लोण्याचे, कमी मिठाचे, जास्त भाज्यांचे पदार्थ रांधायच्या आणि गावाला जेवू घालायच्या. काही दशकांत तिथल्या कर्त्या पुरुषांमधले हृदयरोगाचे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटले. आपल्याकडे ‘उमेद’ अभियानाचे महिला बचत गट गावोगाव आहेत. पापड-लोणच्यांचे उद्योग याच गटांचे. कमी मिठाच्या पापडाची कृती डॉक्टरपेक्षा गटातल्या बायका चांगली बसवतील.

आणि आशाताई तर दारात येतेच. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा एक फॉर्म ती भरते: वय, तंबाखू, दारू, कंबर, हालचाल, घरात कुणाला बीपी-शुगर. गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी पाठवायचं. यातलं अवघड काम कंबर मोजायचं. बाईची 80 सेंटीमीटर, पुरुषाची 90 ही मर्यादा. पण गावातल्या पुरुषाच्या कमरेला टेप लावायचा कसा? मग पँटचा नंबर विचारून रकाना भरला जाण्याची भीती असते. पँट पोटाखाली बांधलेली, त्यामुळे घेर कमीच लागतो. इथे घरच्या बाईच्या हातात टेप द्यावा, आशाताईने फक्त आकडा वाचावा.

अशा घरभेटींचं फळ किती मिळतं? बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंकेतल्या 30 ग्रामीण वस्त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत सरकारी आरोग्यसेविकांनी दर तीन महिन्यांनी घरी जाऊन बीपी मोजलं, समजावलं, गरजेला डॉक्टरकडे पाठवलं. दोन वर्षांत वरचा दाब इतर वस्त्यांपेक्षा सुमारे 5 अंकांनी जास्त उतरला. वस्तीच्या हिशेबाने हे फार आहे.

छातीत दडपण, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, यांना ‘गॅस धरला’ म्हणत सोडा पिऊन झोपणं थांबलं पाहिजे. 108 ला फोन करायचा, हे प्रत्येक हरिनाम सप्ताहात, प्रत्येक ग्रामसभेत सांगायला हवं.

2024 मध्ये बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आता एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात. त्यातली काही कुटुंबं घाट उतरून खारपाणपट्ट्यातली निवडावीत, बीपीचं मशीन आणि टेप घेऊन आशाताईसोबत त्यांच्या घरी जावं, आणि पहिल्याच भेटीत प्यायच्या पाण्याचा तांब्या उचलून विचारावं, हे पाणी कुठलं. महाविद्यालयाच्या प्राध्यापकांना आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला एवढी विनंती आहे.