संदर्भांचे ऋण



गुरुजनांच्या स्मृतीस वाहिलेल्या व्याख्यानाच्या निमित्ताने ऋणाचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. संशोधकावर पूर्वसूरींचे ऋण असते आणि ते अचूक संदर्भ देऊनच मान्य करावयाचे असते.

माझ्या प्रबंधासाठी मी तुकोबांच्या गाथेतील अभंग कार्डांवर उतरून घेतले होते. क्रमांक लिहिले, आवृत्ती मात्र लिहिली नाही. गाथेच्या सर्व आवृत्त्यांत अभंगांचे क्रमांक सारखे नसतात, याचे भान टंकलेखनाच्या वेळी आले. ती सारी कार्डे पुन्हा तपासावी लागली आणि काही विधाने अखेर गाळावी लागली.

अशा नोंदींची शिस्त आपल्याकडे नव्हती असे नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली संस्कृत महाकोशाचे कार्य सुरू झाले. सुमारे पंधराशे ग्रंथांतून शब्द वेचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या. शब्द कोणत्या ग्रंथात, कोठे आला, हे चिठ्ठीवरच नोंदलेले असे.

संदर्भ-व्यवस्थापनाचे आजचे सॉफ्टवेअर हे त्याच चिठ्ठीपेटीचे नवे रूप होय. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठातून २००६ साली निघालेले ‘झोटेरो’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर उदाहरणादाखल घेऊ. लेखक, शीर्षक, संपादक, आवृत्ती, प्रकाशक व वर्ष ही माहिती त्यात एकदाच भरावयाची. टिपणे त्याच नोंदीला जोडता येतात, नोंदींचे विषयवार कप्पेही करता येतात. लेखन करताना नोंद निवडून पृष्ठांक घातला की संदर्भ जागच्या जागी उमटतो आणि शेवटची ग्रंथसूची आपोआप तयार होते. विद्यापीठाने निराळी पद्धत मागितल्यास सारी सूची क्षणात बदलता येते.

आपल्या बुऱ्हाणपूरचेच उदाहरण पाहा. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात येथे शाहजादा परवीझला भेटला. विल्यम फॉस्टर यांनी संपादिलेली त्याची रोजनिशी १८९९ मध्ये दोन खंडांत निघाली. सुधारित आवृत्ती १९२६ मध्ये आली. नुसते ‘रो, पृष्ठ अमुक’ असे लिहिले तर वाचकाने कोणते पुस्तक उघडावे? म्हणून जी आवृत्ती आपण प्रत्यक्ष हाताळली, तिचीच नोंद करावी.

मराठी ग्रंथांची माहिती पुष्कळदा हातानेच भरावी लागते. राजवाड्यांचे नाव एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन लिपीत लिहिले, तर सूचीत ते दोन ठिकाणी विखुरते. ज्ञानेश्वरांसारख्या आडनाव न लावणाऱ्या ग्रंथकारांसाठी नाव व आडनाव यांचे दोन रकाने एक करण्याची सोय झोटेरोत आहे.

मात्र नोंदीत चूक राहिली, तर यंत्र तीच चूक प्रत्येक ठिकाणी सुबकपणे छापील. न वाचलेला ग्रंथ वाचल्याचा आव आणला, तर तेही त्याला कळणार नाही. तरुण संशोधकांनी पहिले पुस्तक हाती घेतील त्याच दिवशी पहिली नोंद करावी, मुखपृष्ठावरून नव्हे तर आतील शीर्षकपृष्ठ पाहून करावी, आणि साऱ्या संग्रहाची एक प्रत अन्यत्र जपून ठेवावी, एवढीच विनंती.