पैसे आपले, परवानगी कुणाची?

मैत्रिणींनो, बाजारातून आपण एक चांगला पितळेचा डबा आणला आणि घरी आल्यावर दर खेपेला झाकण उघडायला दुकानदाराला हाक मारावी लागली, तर आपण काय करू? तो डबा आल्या पावली परत नेऊ आणि वर चार शब्द सुनावून येऊ. पण हल्ली मुलांच्या हट्टापायी आपण घरात अशी एक वस्तू आणतो, की जिचं झाकण खरोखरच दुकानदाराच्या परवानगीवाचून उघडत नाही. आणि घेताना आपल्याला त्याचा पत्ताही नसतो!

मी सांगते आहे ते हातात धरून खेळायच्या गेमिंग कॉम्प्युटरबद्दल. ‘हा मुलांचा आणि त्यांच्या बाबांचा प्रांत, आपल्याला काय त्यातलं कळतं?’ असं म्हणून कृपा करून पान उलटू नका. गेल्या मे महिन्यापर्यंत मीही हेच म्हणत होते.

त्या सुट्टीत आम्ही सगळे कोकणात गावच्या घरी गेलो होतो. तिथं फोनची रेंज हवी असेल तर घरामागचा सडा चढून जावं लागतं. आमच्या चिरंजीवांनी (वय वर्षे तेरा) सोबत आपला गेमिंग कॉम्प्युटर घेतला होता. तो भावजींनी दिवाळीत भेट दिलेला. त्यात एक नवा खेळ होता, स्पर्धेतल्या बक्षिसाचे पैसे आणि माझ्या शिकवणीतली थोडी भर घालून घेतलेला. एकट्यानंच खेळायचा, दुसऱ्या कुणाशी संबंध नाही. ‘आजोबा, तुम्हाला दाखवणार’ असं त्यानं फोनवरून दहा वेळा कबूल केलं होतं.

रात्री जेवणं आटोपल्यावर मामंजी चष्मा पुसून ओटीवर बसले. त्यानं बटण दाबलं, पडदा उजळला, आणि खेळाऐवजी पाटी आली: इंटरनेट जोडा आणि आपल्या खात्यात प्रवेश करा. पुन्हा बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तीच पाटी.

“पैसे दिलेत ना रे याचे?” मामंजींनी विचारलं.

“हो आजोबा, आईनं दिलेत.”

“मग हा परवानगी कुणाची मागतोय?”

या प्रश्नाला आमच्यापैकी कुणापाशीच उत्तर नव्हतं. ‘हे’ म्हणाले, “असतं तसं हल्ली.” मुलगा काही बोलला नाही. त्यानं यंत्र पिशवीत घातलं आणि आठ दिवस बाहेर काढलं नाही. तो रडला असता तर बरं वाटलं असतं. आजोबांसमोर आपण खोटे ठरलो, हे त्याला लागलं होतं.

घरी परतल्यावर मी त्याच्याकडून ते खातं उघडून घेतलं, तर दुसरी गोष्ट नजरेला आली. जन्मवर्षाच्या रकान्यात १९९०! “खरं वय टाकलं तर पुढे जाऊ देत नाही गं,” तो सहज म्हणाला. वर्गात मी ‘खरे बोलावे’ शिकवते आणि घरात माझ्याच पैशांच्या वस्तूपायी मुलगा खोटं लिहायला शिकतो! मग मात्र मी पदर खोचला. माझा एक जुना विद्यार्थी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्याला गाठलं. “बाई, बसा, सगळं सांगतो,” म्हणून त्यानं जे समजावलं आणि मी पुढे वाचून पडताळून पाहिलं, ते तुम्हाला सांगते.

वस्तू आहे तरी काय?

दिसायला हे जाडसर पाटीसारखं, मधे पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणं. पण आत पुरा कॉम्प्युटर असतो. अमेरिकेतल्या वॉल्व्ह कंपनीनं फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्टीम डेक’ आणला, सात इंची पडद्याचा, वजन ६६९ ग्रॅम. त्यानंतर २०२३ मध्ये असूसचा ‘आरओजी ॲलाय’ आणि लेनोवोचा ‘लीजन गो’ आले. आरओजी ॲलाय त्याच वर्षी आपल्याकडे आला, तेव्हा किंमत होती सत्तर हजारांच्या घरात. म्हणजे हे काही खेळणं नव्हे, फ्रिज आणि धुलाईयंत्र मिळून येईल एवढा खर्च आहे. तेव्हा निदान फ्रिज घेताना करतो तेवढी चौकशी तरी करायलाच हवी.

एका खेळाला तीन दरवाजे

पहिला दरवाजा यंत्राचा. ज्यात ‘विंडोज ११ होम’ असतं ते यंत्र प्रथम सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. स्टीम डेक पहिल्या वेळी स्टीमचं खातं मागतो. हे सोपस्कार एकदा घरी पुरे केले, की पुढे यंत्र नेटवाचून सुरू होतं.

दुसरा दरवाजा दुकानाचा. हे खेळ डबीत मिळत नाहीत, नेटवरच्या दुकानातून उतरवून घ्यावे लागतात आणि तिथं नाव नोंदवावं लागतं. स्टीमसारख्या दुकानात ‘ऑफलाइन मोड’ नावाची सोय आहे. नेट असताना एकदा आत शिरून, खेळ पुरता उतरवून ठेवला असेल, तर पुष्कळसे खेळ मग नेटवाचून चालतात.

तिसरा दरवाजा खुद्द खेळ बनवणाऱ्याचा, आणि गोम बहुधा इथंच असते. काही कंपन्या दुकानाच्या खात्यावर आणखी आपलं खातं उघडायला लावतात. काही खेळ सुरू होताना किंवा ठरावीक दिवसांनी कंपनीला विचारून येतात, की हा माणूस खरा गिऱ्हाईक आहे ना? या कुलपाला डीआरएम म्हणतात. घरी वायफाय चोवीस तास चालू असतं, म्हणून ही विचारणा आपल्याला दिसत नाही. दिसते ती गाडीत, गावी, नाहीतर महिनाअखेर नेटचे पैसे भरायचे राहिले की! आमच्या ओटीवर अडला तो हाच तिसरा दरवाजा.

विकत की भाड्यानं?

तुम्ही म्हणाल, नेट जोडलं की खेळ चालतो ना, मग एवढा त्रागा कशाला? त्रागा अशासाठी, की कुलपाची किल्ली ज्याच्याकडे, त्याची मर्जी फिरली तर आपल्या हाती काय उरतं?

युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ २०१४ साली निघाला. लोकांनी रोख पैसे मोजून तो घेतला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीनं आपल्याकडची यंत्रणा बंद केली आणि त्या दिवसापासून तो कुणालाच खेळता येईना, एकट्यानं खेळणाऱ्यालासुद्धा! यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ नावाची चळवळ उभी राहिली आणि युरोपात दहा लाखांहून अधिक लोकांनी तिच्या अर्जावर सह्या केल्या.

पुस्तकांच्या बाबतीतही हे घडून गेलं आहे. २००९ साली ॲमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीची एक आवृत्ती वाचकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. त्या प्रकाशकाकडे हक्क नव्हते हे खरं. कंपनीनं पैसे परत केले, माफीही मागितली. पण कल्पना करा, आपण घेतलेलं पुस्तक दुकानदार रात्री घरात शिरून फडताळातून काढून नेतो आणि उशाशी पैसे ठेवून जातो!

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं याची दखल घेतली. १ जानेवारी २०२५ पासून तिथं कायदा आहे, की ग्राहकाला फक्त वापराचा परवाना मिळत असेल, तर तसं स्पष्ट न सांगता दुकानदारानं ‘विकत घ्या’ असं म्हणायचं नाही. कायमचं उतरवून नेटवाचून वापरता येणाऱ्या वस्तूंना मात्र ही अट लागू नाही. म्हणजे ‘विकत’ कशाला म्हणायचं आणि ‘परवाना’ कशाला, हा भेद कायद्यानंच करून दिला.

कुलूप नसलेले खेळ

आता चांगली बातमी. कुलूप नसलेले, म्हणजे डीआरएम-मुक्त खेळही राजरोस विकत मिळतात. पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्ट कंपनीनं २००८ मध्ये ‘गुड ओल्ड गेम्स’ नावाचं दुकान सुरू केलं, तेच आजचं ‘जीओजी’. तिथं खरेदीसाठी खातं लागतं, पण घेतलेल्या खेळाची ‘ऑफलाइन इन्स्टॉलर’ फाईल आपल्याला उतरवून ठेवता येते. ती एकदा हार्ड डिस्कवर आली, की खेळ यंत्रात बसवायला आणि एकट्यानं खेळायला ना खातं लागतं ना नेट. ज्याच्या हाती ससा तो पारधी! २०१३ साली सुरू झालेल्या ‘इच डॉट आयओ’ या दुकानातही नव्या, हौशी कलावंतांचे असे पुष्कळ खेळ आहेत.

इथं एक गोष्ट बजावून सांगते. कुलूप नाही याचा अर्थ फुकट वाटायला मोकळीक, असा नव्हे. शेजारच्या चार मुलांना फाईल देणं ही चोरीच, आणि विश्वासानं विकणाऱ्याच्या घरची चोरी. मुलांना हे आपणच सांगायला हवं.

घेण्यापूर्वी आणि प्रवासापूर्वी

१. खेळाच्या पानावर ‘आणखी एका खात्याची गरज’, ‘सतत इंटरनेट आवश्यक’ अशा सूचना बारीक अक्षरांत असतात. साडीचा काठ उलटून बघतो तशा त्या आधी बघा.

२. खातं मोठ्या माणसाच्या नावानं उघडा. मुलाचं उघडायचंच असेल तर खरी जन्मतारीख लिहून, पालकांच्या परवानगीच्या मार्गानं. आपल्याकडे २०२३ साली झालेल्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यासाठी पालकांची संमती हवी असं म्हटलं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचे आहेत.

३. खात्याचा ईमेल, पासवर्ड आणि कोणत्या फोनवर कोड येतो, हे गॅसच्या पुस्तकाप्रमाणे घरातल्या वहीत लिहून ठेवा.

४. जीओजीची फाईल उतरवताना मोठ्या खेळाचे अनेक तुकडे असतात. सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवा. विंडोजच्या यंत्रावर मुख्य फाईल उघडली की झालं. स्टीम डेकवर मात्र ‘डेस्कटॉप मोड’मध्ये जाऊन ‘ल्युट्रिस’ किंवा ‘हिरोइक’सारख्या साधनाची मदत घ्यावी लागते. तेव्हा ते काम नेट असतानाच एखाद्या जाणत्याकडून करून घ्या.

५. निघण्याच्या दोन दिवस आधी रंगीत तालीम करा. वायफाय बंद करायचं, यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचं आणि प्रत्येक खेळ उघडून पाहायचा. जो उघडेल तोच आपला. जो पाटी दाखवील तो पाहुणा समजा.

६. खेळात कुठवर पोचलो याची नोंद नेट नसताना यंत्रातच राहते. अधूनमधून तिचीही प्रत काढून ठेवा, म्हणजे यंत्र बिघडलं तरी मुलाचे कष्ट वाया जाणार नाहीत.

गेल्या दिवाळीत आम्ही पुन्हा गावी गेलो. या खेपेला तालीम मी स्वतः घेतली होती. एका माणसानं एकट्यानं बनवलेला, २०१६ साली निघालेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ आम्ही जीओजीवरून घेतला होता. त्यात आजोबांनी ठेवलेली पडीक जमीन नातू कसायला घेतो, अशी कथा आहे. रात्री ओटीवर चिरंजीवांनी बटण दाबलं. कुणीही काही विचारलं नाही, शेत समोर आलं.

मामंजी बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “रोज झारीनं पाणी घालतोस होय? अरे, पाट काढ की!”

नातू हसला आणि आजोबांना सरकून जागा करून दिली.

मैत्रिणींनो, खेळ खेळू द्यावेत की नाही, किती वेळ द्यावेत, हे ज्या-त्या घरानं ठरवावं. पण घेतलेली वस्तू आपली आहे की नुसती वापरायला मिळाली आहे, हे विचारायला कॉम्प्युटरची पदवी लागत नाही. तो प्रश्न मामंजींनी विचारला, तोच आपण दुकानात विचारायचा. पुढच्या वेळी घरात ‘तुला त्यातलं काय कळतं’ असं कुणी म्हणालं, तर काही न बोलता उठून वायफाय बंद करा आणि म्हणा, “आता उघडून दाखवा बरं!”