नागीण एकाच कुशीला का उठते?

नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे. खरे म्हणजे ती टोके बहुधा जुळतच नाहीत. त्वचेची संवेदना नेणाऱ्या पेशीचे मुख्य अंग त्वचेत नसून मणक्याशेजारी, मज्जारज्जूबाहेरच्या लहानशा गाठीत असते. तिथून एक तंतू त्वचेकडे, दुसरा मज्जारज्जूत जातो. पायाच्या अंगठ्याकडचा तंतू तर जवळजवळ मीटरभर लांब! डाव्या-उजव्या गाठी वेगळ्या आणि प्रत्येकीकडे त्वचेचा ठरावीक पट्टा. लहानपणीच्या कांजिण्यांचे विषाणू या गाठींतच वर्षानुवर्षे दडून राहतात. उतारवयात वा प्रतिकारशक्ती घटल्यावर एखाद्या गाठीतले विषाणू जागे होतात व तंतूवाटे त्वचेपर्यंत उतरतात. म्हणून पुरळ एकाच बाजूला, पट्ट्यासारखे. आग आणि ठणका मात्र बऱ्याचदा दोन-तीन दिवस आधीच.

गेरूचे लेप लावण्यात दिवस घालवू नयेत. असायक्लोव्हिरसारखी औषधे पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर अधिक उपयोगी पडतात. चेहऱ्याची अशी गाठ कवटीत असते. तिच्यातून कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड उठले तर डोळ्याला धोका संभवतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.