कपाटाची चावी कुणाकडं आहे?

आज कपाशी नाही की अद्रक नाही. आज राक्षस आणि चेटकीण! हसू नका, पुढं वाचा.

खुलताबाद तालुक्यातल्या एका गावात फवारणीची बैठक होती. औषधाच्या डब्यातलं माहितीपत्रक मी सातवीतल्या एका पोराच्या हाती दिलं. म्हटलं, वाच मोठ्यानं. पोरगं हुशार, पण ‘प्रतिबंधात्मक’शी अडलं ते अडलंच. बाप म्हणाला, “सायेब, धडा पाठ म्हणतो तो. नवं काही दिलं की गाडी चिखलात.” आता बघा, डब्यावर लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष. औषध किती, पाणी किती, हे त्या घरात वाचणारा तोच एकटा. तोच अडखळला तर?

पुढच्या खेपेला मी रत्नाकर मतकरींची ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आणि ‘अलबत्या गलबत्या’ ही दोन बालनाट्यं घेऊन गेलो. मराठीत राक्षस-चेटकिणींची गंमत कादंबरीपेक्षा रंगमंचावर जास्त रमली, असं आपलं माझं मत. मतकरींनी १९६२ साली मुंबईत बालनाट्य संस्था काढली. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली आणि २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी ती पुन्हा उभी केली. पुढं प्रभावळकरांनीच खोडकर ‘बोक्या सातबंडे’ लिहिला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर फुरसुंगीचा, म्हणजे मूळ आपल्यासारखाच गावाकडचा गडी. या दोघांच्या पुस्तकांत जादू नाही, पण पोरं पुस्तक खाली ठेवत नाहीत.

“असल्या खोट्या गोष्टींनी पोट भरतं का?” असं एका आजोबांनी विचारलं. मी म्हटलं, बाबा, तुमच्या आईनं आटपाट नगराची गोष्ट सांगितली तेव्हा तुम्ही सातबारा मागितला होता का?

आता गावकारभाऱ्यांना एक सांगणं. सार्वजनिक ग्रंथालयाचा कायदा राज्यात १९६७ पासून आहे, मान्यताप्राप्त वाचनालयाला अनुदानही मिळतं. पण बऱ्याच गावी कपाट कुलपात, आत जाडजूड ग्रंथ, पोरांचं एकही नाही. येत्या ग्रामसभेत निदान चावी कुणाकडं आहे, एवढं तरी विचारा.

ते पोरगं परवा भेटलं. ‘प्रतिबंधात्मक’ला अजून अडखळतं. पण आता थांबतं, मागं जातं, पुन्हा वाचतं. चेटकिणीचं पुस्तक मात्र परत मिळालं नाही. ते म्हणे बापाच्या उशाशी आहे.